कांचनजंगा: हवेत टांगलेले अंगण आणि खाडीपलीकडचे शहर

नवी मुंबईत पत्ता सांगण्याची रीत जुन्या गावांपेक्षा वेगळी आहे. येथे पेठ नाही, आळी नाही, वाडी नाही. नोड आहे, सेक्टर आहे आणि प्लॉट क्रमांक आहे. तरीही नेरूळ किंवा बेलापूर स्थानकाबाहेर रिक्षात बसून सेक्टरचा आकडा सांगितला, की चालक हमखास विचारतात, "जवळची खूण काय?" मग आपण देऊळ सांगतो, शाळा सांगतो, पाण्याची टाकी सांगतो आणि कधी कधी एखाद्या इमारतीचे नाव सांगतो. देऊळ किंवा शाळा सर्वांची असते, त्यामुळे ती खूण होणे साहजिक आहे. राहत्या घरांची इमारत मात्र खासगी असते, आपल्यापैकी बहुतेकांना तिच्या फाटकाच्या आत जाण्याचा प्रसंग आयुष्यात येत नाही, आणि तरीही अशी एखादी इमारत साऱ्या परिसराची ओळख होऊन बसते. हे कसे घडते, हे समजून घेण्यासाठी मी मुंबईतील एका इमारतीचे उदाहरण घेणार आहे, कारण तिचे आणि आपल्या नवी मुंबईचे नाते वाटते त्याहून बरेच जवळचे आहे.

ती इमारत म्हणजे कंबाला हिलवरील 'कांचनजंगा'. तिची रचना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्या सहकार्याने केली आणि तिच्या सांगाड्याचा हिशेब अभियंते शिरीष पटेल यांच्या संस्थेने केला. १९७०मध्ये या कामाला सुरुवात झाली आणि १९८३मध्ये इमारत पूर्ण झाली. मजले २८, उंची सुमारे ८४ मीटर आणि घरे अवघी ३२. आज दक्षिण आणि मध्य मुंबईत तिच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे टॉवर उभे आहेत. तरीही वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला मुंबईतील राहती उंच इमारत दाखवायची झाली, तर शिक्षक अजूनही तिच्याकडेच बोट दाखवतात.

या तीन नावांपाशी थोडे थांबले पाहिजे. १९६१च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ४१ लाख होती आणि १९७१मध्ये ती ६० लाखांच्या जवळ पोहोचली. शहर उत्तर-दक्षिण लांबट, कचेऱ्या दक्षिण टोकाला आणि माणसे राहायला दूर उत्तरेला, अशी ओढाताण वाढत चालली होती. १९६४मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, तेव्हा कोरिया, मेहता आणि पटेल या तिघांनी त्याला उत्तर म्हणून एक वेगळाच विचार मांडला: शहराला उत्तरेकडे आणखी ताणण्याऐवजी खाडी आणि बंदर ओलांडून पूर्वेकडे नवे शहर वसवावे. 'मार्ग' या नियतकालिकाने १९६५मध्ये तो विचार प्रसिद्ध केला. पुढे हे नवे शहर वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी संस्थेची स्थापना झाली, सुरुवातीच्या वर्षांत कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते आणि नियोजनाची व बांधकामाची धुरा पटेल यांच्याकडे होती. म्हणजे ज्यांनी वाशी, नेरूळ आणि बेलापूर ज्या भूमीवर उभे राहिले त्या शहराचे स्वप्न पाहिले, त्याच तिघांनी कंबाला हिलवर ती इमारत उभी केली. पटेल यांनी रचलेला आणि १९६५मध्ये वाहतुकीस खुला झालेला केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूलही तेथून जवळच आहे.

आता इमारतीच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न दिशांचा आहे. मुंबईत दिवसा समुद्रावरून येणारा वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, त्यामुळे हवेशीर घर हवे असेल तर ते पूर्व-पश्चिम उघडे ठेवावे लागते. कंबाला हिलवरून पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला बंदर दिसते, म्हणजे पाहण्यासारखे जे काही आहे तेही याच दोन दिशांना आहे. अडचण अशी, की दुपारनंतरचे तापदायक ऊन पश्चिमेकडूनच येते आणि पावसाळ्यातील झोडपणाऱ्या सरीही नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर त्याच बाजूने येतात. दक्षिणेकडील ऊन माथ्याच्या बाजूने येते, म्हणून ते लहानशा छज्जाने अडवता येते. पश्चिमेचे ऊन मात्र संध्याकाळी जमिनीला जवळजवळ समांतर होऊन थेट खोलीत शिरते, आणि त्याच्यापुढे दोन फुटांचा छज्जा काहीही करू शकत नाही. दार उघडे ठेवावे तर ऊन-पाऊस आत येतो, आणि बंद करावे तर वारा आणि समुद्र दोन्ही जातात.

नवी मुंबईकरांना हा पेच वेगळा सांगण्याची गरज नाही. आपल्याकडेही पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि पूर्वेला पारसिकचे डोंगर आहेत. पाम बीच रस्त्यावरील घरांच्या जाहिरातींत खाडीचे दृश्य मोठ्या अक्षरांत असते. चैत्र-वैशाखात त्या दृश्याबरोबर दुपारी चार वाजता घरात काय शिरते, हे राहायला गेल्यावर कळते. मग काचेला काळी फिल्म लावली जाते, जाड पडदे येतात, वातानुकूलन यंत्र सुरू होते, आणि ज्या दृश्यासाठी पैसे मोजले ते वर्षातील अर्धे महिने पडद्याआड जाते.

या पेचावरचे उत्तर कोकणातील घराने फार पूर्वी शोधले होते. येथील आगरी-कोळी गावठाणांतील जुनी घरे आठवून पाहा. अंगणातून थेट माजघरात जाता येत नसे. मध्ये पडवी असे, ओटी असे. पडवी घराचा भाग असते आणि नसतेही. ऊन पडवीत येऊन थांबते, पाऊस पडवीच्या कडेला भिजवून थांबतो, वारा मात्र तिच्यातून गाळून आत जातो. भात वाळत घालणे, जाळे विणणे, पाहुण्यांशी बोलणे, दुपारची वामकुक्षी, सारे तेथेच चालते. मुंबईतील वसाहतकालीन बंगल्यांनी राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा गुंडाळून हेच साधले. कोरिया यांनी त्या बंगल्यांकडे पाहिले आणि एक साधा, पण अवघड प्रश्न विचारला: हा व्हरांडा विसाव्या मजल्यावर कसा न्यायचा?

नेहमीची बाल्कनी हे त्याचे उत्तर नव्हे. ती भिंतीबाहेर लटकलेली असते, तिची खोली चार-पाच फूट असते, ऊन-पाऊस तिला सहज ओलांडून जातो आणि वरच्या मजल्याची बाल्कनी डोक्यावर असल्याने आकाशही फारसे दिसत नाही. कांचनजंगामध्ये मोकळी जागा बाहेर लटकवण्याऐवजी इमारतीचे कोपरे आत कापून ती काढलेली आहे. प्रत्येक घराला कोपऱ्यावर दोन मजले उंचीची प्रशस्त गच्ची आहे, तिच्यात झाडे लावता येतात, आणि राहत्या खोल्या त्या गच्चीच्या मागे, सावलीत सरकलेल्या आहेत. ऊन आणि पाऊस गच्चीपर्यंत येतात. खोल्यांपर्यंत पोहोचतात ते वारा आणि उजेड. दोन मजल्यांच्या उंचीमुळे तेथे उभे राहणाऱ्याला छताचा भार जाणवत नाही. ही गच्ची म्हणजे उचलून हवेत टांगलेले अंगणच आहे.

या टांगलेल्या अंगणाची किंमत घरांच्या मांडणीने चुकवली आहे. सामान्य इमारतीत एक मजला पाहिला की सारे मजले पाहिल्यासारखे असतात, कारण तोच नकाशा वरपर्यंत पुन्हा पुन्हा येतो. कांचनजंगा नकाशावरून समजत नाही; ती उभी चिरून पाहावी लागते. अशा उभ्या चिरलेल्या चित्राला वास्तुरचनाकार 'सेक्शन' म्हणतात. फणस बाहेरून कितीही न्याहाळला तरी गरे आत कसे एकमेकांत बसले आहेत हे कापल्याशिवाय कळत नाही, तसेच हे आहे. तीन शयनगृहांपासून सहा शयनगृहांपर्यंतची चार प्रकारची घरे येथे एकमेकांत गुंतवलेली आहेत. एका घराची दुमजली गच्ची जेथे येते, तेथे शेजारच्या किंवा वरच्या घराची रचना तिला जागा करून देते. घरांच्या आतही जमीन एका पातळीवर नाही. काही पायऱ्या चढून किंवा उतरून एका भागातून दुसऱ्या भागात जावे लागते, जसे आपण अंगणातून ओटीवर आणि ओटीवरून माजघरात चढत जातो. २८ मजल्यांत केवळ ३२ घरे बसण्याचे कारण हेच आहे.

ही घरे श्रीमंतांची आहेत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याकडे मी पुढे येणार आहे, कारण त्याचे उत्तर बेलापूरला आहे.

त्याआधी ही इमारत उभी कशी राहते ते पाहू. तिचा पाया २१ मीटर चौरस आणि उंची त्याच्या चौपट आहे. अशी सडपातळ इमारत दोन प्रकारच्या भारांना तोंड देते. पहिला भार वरून खाली येणारा, म्हणजे स्लॅब, भिंती, माणसे आणि सामान यांच्या वजनाचा. तो समजायला सोपा आहे. दुसरा भार आडवा असतो, वाऱ्याचा आणि भूकंपाचा. इमारत जितकी उंच आणि बारीक, तितका आडवा भार निर्णायक होतो, कारण वारा इमारतीला जणू जमिनीत रोवलेल्या काठीसारखे वाकवू पाहतो. सामान्यतः चारही कोपऱ्यांत भक्कम कॉलम देऊन इमारतीला बळ दिले जाते, आणि येथे तर कोपरेच कापून टाकायचे होते.

पटेल यांच्या संस्थेने त्यासाठी बळ इमारतीच्या मधोमध नेले. लिफ्ट आणि जिना ज्या भागातून वर जातात, त्याच्याभोवती काँक्रीटच्या जाड भिंतींची एक पोकळ पेटी तळापासून माथ्यापर्यंत जाते. तिला गाभा म्हणतात. माणसाच्या शरीरात कण्याचे जे काम, ते येथे गाभ्याचे: आडवा भार प्रामुख्याने तोच पेलतो. कणा भक्कम असल्यामुळे कोपऱ्यावरील गच्च्या आधाराच्या खांबाशिवाय बाहेर झेपावू शकतात. पोकळ पेटीच का, भरीव खांब का नाही, असा प्रश्न येथे कोणालाही पडेल. पुठ्ठ्याची पट्टी सहज वाकते, पण त्याच पुठ्ठ्याचा खोका केला तर तो वाकवणे कठीण जाते. साहित्य तितकेच, मात्र ते मध्यापासून दूर गेल्याने ताकद वाढते. गाभ्याच्या मागे हाच नियम आहे.

हा गाभा बांधण्याची पद्धतही सांगण्यासारखी आहे. नेहमीच्या बांधकामात सेंट्रिंग लावायचे, काँक्रीट ओतायचे, ते घट्ट होण्याची वाट पाहायची, सेंट्रिंग उतरवायचे आणि पुढच्या मजल्यावर पुन्हा लावायचे, असा क्रम असतो. स्लिपफॉर्म पद्धतीत सुमारे मीटरभर उंचीचा साचा जॅकच्या साहाय्याने हळूहळू सतत वर सरकत राहतो. वरून काँक्रीट ओतले जात असते आणि खालून स्वतःचा आकार धरण्याइतके घट्ट झालेले काँक्रीट बाहेर पडत असते. धान्याच्या कोठारांसाठी आणि कारखान्यांच्या उंच धुराड्यांसाठी हीच पद्धत वापरतात. कांचनजंगाचा गाभा असा आधी वर चढवला गेला आणि बाकीची इमारत त्याच्याभोवती मागाहून उभी राहिली.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. ही इमारत परिसराची खूण का झाली? पूर्ण झाली तेव्हा ती उंच होती हे खरे, पण उंचीची खूण टिकत नाही. शेजारी दहा मजले जास्त चढले की ती पुसली जाते. माझ्या मते खरे कारण असे, की या इमारतीच्या आतील विचार बाहेरून दिसतो. सपाट भिंतींचा चौकोनी खांब आणि त्याच्या कोपऱ्यांत खोल, सावलीने भरलेले दुमजली कोनाडे पाहिले की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळते, की तेथे कोणाचे तरी अंगण आहे. नक्षी, कमानी, ग्रीक पद्धतीचे खांब चिकटवून मिळवलेली ओळख आणि ही ओळख यांत फरक आहे. हे कोनाडे शोभेसाठी काढलेले नाहीत. ऊन, वारा आणि पाऊस यांना दिलेल्या उत्तराचा तो आकार आहे. त्यामुळेच तिच्याहून उंच शेजाऱ्यांच्या गर्दीतही ती ओळखू येते.

हेच अंगण जमिनीवर पाहायचे असेल तर बेलापूरला, सेक्टर ८मध्ये, आर्टिस्ट व्हिलेजला जावे. कांचनजंगा पूर्ण झाली त्याच वर्षी, १९८३मध्ये, कोरिया यांनी सिडकोसाठी या वसाहतीचे काम हाती घेतले आणि ते १९८६पर्यंत चालले. येथे लिफ्ट नाही, टॉवर नाही. सात घरे आठ मीटर चौरस अंगणाभोवती बसवली आहेत. असे तीन गट, म्हणजे एकवीस घरे, बारा मीटर चौरसाच्या थोड्या मोठ्या अंगणाभोवती येतात, आणि त्यांचे समूह पुढे आणखी मोठ्या मोकळ्या जागेला जोडले जातात. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे आहेत, म्हणजे गरीब आणि मध्यमवर्गीय यांच्या भूखंडांत फार मोठी तफावत ठेवलेली नाही. प्रत्येक घर स्वतंत्र उभे आहे, जेणेकरून कुटुंब वाढले, हाती चार पैसे आले, तर शेजाऱ्याच्या भिंतीला हात न लावता घर वाढवता यावे. आणि इतके करूनही घनता हेक्टरी सुमारे ५०० माणसांची साधली होती. दाट वस्ती म्हटली की टॉवरच हवा, हा समज खोडून काढण्यासाठी एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो. श्रीमंतांसाठी विसाव्या मजल्यावर नेलेला विचार सामान्यांसाठी जमिनीवर, कितीतरी स्वस्तात, अधिक चांगला साधतो.

त्या वसाहतीत आज फिरताना मूळची उतरत्या कौलांची घरे थोडीच दिसतात. अनेक ठिकाणी ती पाडून नवी आरसीसी घरे झाली आहेत. काहींना याची खंत वाटते. मला तितकी वाटत नाही, कारण घरे बदलावीत हीच मूळ योजना होती. अंगणे शिल्लक आहेत का, हे पाहणे महत्त्वाचे.

अशा इमारतींना कायद्याचे संरक्षण मिळते का? प्राचीन स्मारकांसंबंधीचा केंद्राचा १९५८चा कायदा किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंसाठी आहे, म्हणजे १९८३ची इमारत त्याच्या विचारातही येत नाही. मुंबईत १९९५पासून वारसा वास्तूंची श्रेणीनिहाय यादी आहे, आणि २०१८मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मुंबईच्या वास्तुसमूहात मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानाकडेच्या आर्ट डेको शैलीच्या राहत्या इमारतीही आहेत, ज्यांत आजही कुटुंबे नांदतात. म्हणजे राहती इमारत वारसा होऊ शकते. अडचण वयाची आहे. दिल्लीत प्रगती मैदानातील 'हॉल ऑफ नेशन्स' १९७२मध्ये उभा राहिला. साठ वर्षांहून कमी वयाच्या वास्तूंचा विचार वारसा म्हणून केला जाणार नाही अशी भूमिका घेतली गेली आणि एप्रिल २०१७मध्ये एका रात्रीत तो पाडला गेला. त्याचे वास्तुरचनाकार राज रेवाल यांनी सिडकोसाठी नेरूळला घरांची वसाहत रचलेली आहे, आणि तीही अजून साठीची झालेली नाही. नव्या शहरातील चांगल्या वास्तू अशा दोन्ही बाजूंनी उघड्या पडतात: वारसा म्हणून मान मिळण्याइतक्या त्या जुन्या नसतात आणि पुनर्विकास टाळता येण्याइतक्या नव्याही राहत नाहीत.

त्यात काँक्रीट हे समुद्राकाठी नाजूक होणारे साहित्य आहे. ताज्या काँक्रीटमधील अल्कधर्मी गुणामुळे आतील सळ्यांना गंजापासून संरक्षण मिळते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला आणि त्याला खाऱ्या हवेतील क्लोराइडची जोड मिळाली, की ते संरक्षण संपते. गंजाला मूळ पोलादाहून कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आतून दाब देतो आणि वरचा थर तडकून, फुगून गळून पडतो. छतावर फुगलेला गिलावा हा रंगाचा दोष समजून त्यावर पुन्हा रंग मारणे ही आपल्याकडील सर्वांत महागात पडणारी सवय आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याने बंधनकारक आहे, आणि तपासणीनंतर इमारतीला वर्ग दिला जातो: सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, सी-२बी म्हणजे रहिवासी राहत असतानाच दुरुस्त होणारी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. पहिला वर्ग सोडला तर बाकी तिन्हींत इमारत वाचू शकते, हे सोसायटीच्या सभेत फार कमी वेळा सांगितले जाते.

आज वाशी-नेरूळच्या जुन्या वसाहतींत पुनर्विकासाची चर्चा घरोघरी आहे, आणि ती बहुतेक वेळा एकाच आकड्याभोवती फिरते: चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक एक असेल तर हजार चौरस मीटर बांधकाम करता येते. तीन असेल तर तीन हजार. हा आकडा किती बांधायचे ते सांगतो, कसे बांधायचे ते सांगत नाही. नियमांचा परिणाम मात्र घराच्या आकारावर थेट होतो. मुंबईत जानेवारी २०१२पर्यंत बाल्कनीसारखे काही भाग मर्यादेपर्यंत या हिशेबाबाहेर होते. नंतर ते मोजले जाऊ लागले आणि त्याच्या बदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य भरून ३५ टक्के जादा क्षेत्र मिळू लागले, जे कोठेही वापरता येते. मोकळी जागा आणि खोली यांचा भाव सारखाच झाल्यावर बहुतेकांनी खोली निवडली, आणि नव्या इमारतींच्या भिंती सपाट होत गेल्या.

म्हणून नवी इमारत दाखवण्यासाठी कोणी नकाशे घेऊन आले, तर चटई क्षेत्राच्या तक्त्याबरोबर 'सेक्शन' मागावा. त्यात पश्चिमेच्या भिंतीपासून आतील काच किती मागे आहे ते पाहावे, दोन विरुद्ध बाजूंना उघडणाऱ्या खिडक्यांतून वारा आरपार जातो का ते पाहावे, आणि आज इमारतींच्या मध्ये ज्या जागेत मुले खेळतात व संध्याकाळी आजी-आजोबा बसतात, ती जागा नव्या आराखड्यात पार्किंगच्या पोडियमवर गेली आहे, की जमिनीवर, झाडांच्या मुळांना माती मिळेल अशी राहिली आहे, ते पाहावे. रजेच्या दिवशी जमल्यास आधी सेक्टर ८मध्ये जाऊन यावे. तेथील आठ मीटरच्या अंगणात संध्याकाळी पाच वाजता उभे राहिले, की पारसिकच्या बाजूची झाडे दिसतात, दारांतून एकमेकांना हाका मारलेल्या ऐकू येतात, आणि मोजपट्टी न लावताही लक्षात येते की आठ मीटर ही सात घरांना पुरणारी जागा आहे.